वाचकांचे प्रश्न: घाणेरीचे फूल, बी आणि बुंधा

घाणेरी म्हणजेच टणटणी, शास्त्रीय नाव लँटाना कमारा. या झुडपाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत. बहुतेक पत्रांचा रोख 'ही जाता जात नाही' असा आहे. पण ती का जात नाही हे फुलापासून मुळापर्यंत नीट पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून सुरुवात फुलापासून.

प्रश्न: एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी आणि गुलाबी फुले दिसतात. हे कलम आहे की वेगवेगळ्या जातींची सरमिसळ?

कलमही नाही आणि सरमिसळही नाही. ही एकाच फुलाची वेगवेगळी वये आहेत. घाणेरीचा गुच्छ दोन-तीन सेंटिमीटर व्यासाचा, वरून जवळजवळ सपाट असतो. त्यात साधारण २० ते ४० फुले असतात आणि ती बाहेरच्या कडेकडून आत उमलत जातात. त्यामुळे कडेची फुले सर्वांत जुनी, त्यांच्या आतली ताजी आणि मधोमध न उमललेल्या कळ्या असतात. फूल उमलते ते बहुधा पिवळे. नंतर पाकळ्यांत अँथोसायनिन गटातले रंगद्रव्य तयार होते आणि फूल जातीप्रमाणे नारिंगी, लाल किंवा गुलाबी-जांभळे होते.

रंग बदलण्याची खूण केवळ वयाची नसते. परागीभवन झाले की हा बदल सुरू होतो, असे दिल्लीत १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसले. रंग बदललेल्या फुलात मधुरस फारसा उरत नाही. मग ते गळून का जात नाही? कारण मोठा, भडक गुच्छ लांबून नजरेत भरतो. फुलपाखरू गुच्छावर उतरते आणि जवळ आल्यावर पिवळ्या फुलांतच सोंड घालते. जुनी फुले म्हणजे नुसती पाटी, माल पिवळ्या फुलांत.

फुलाची नळी सुमारे एक सेंटिमीटर लांब, अरुंद आणि किंचित वाकलेली असते. आत चार पुंकेसर, दोन लांब आणि दोन आखूड. मधुरस तळाशी असल्याने लांब सोंडेची फुलपाखरे हे या फुलाचे नेहमीचे गिऱ्हाईक. फुलकिडे म्हणजे थ्रिप्स नळीत शिरून परागण करतात. मधमाश्याही येतात, आणि ऑस्ट्रेलियात मधमाश्या जिथे जास्त तिथे घाणेरीला बीही जास्त धरते असे आढळले आहे.

लाल-पिवळी, गुलाबी-पिवळी, पांढरट-गुलाबी अशी वेगवेगळी झुडपे दिसतात ती मात्र खरोखर वेगवेगळ्या वाणांची. त्यांचा उगम पुढच्या उत्तरात येतो.

प्रश्न: घाणेरी मूळची कुठली? आपल्या जंगलात ती इतकी पसरली, तर ती इथलीच नसेल कशावरून?

तिच्या जवळच्या नातलगांचा मोठा गोतावळा अमेरिका खंडात आहे. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग हे या गटाचे मूळ घर. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला आजचे शास्त्रीय नाव दिले, पण त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकातच, डच लोकांनी ती युरोपातल्या काचघरांत नेली होती. तिथे बागायतदारांनी वेगवेगळ्या अमेरिकन लँटानांचा आपसांत संकर केला आणि शेकडो शोभिवंत वाण काढले. पुढे वसाहतींच्या बागांत गेले ते हे संकरित वाण. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. त्यानंतरही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी येत राहिली. बागेतली फुले आणि गुरे न खाणारे कुंपण अशा दोन कारणांनी लोकांनी ती हौसेने लावली. दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि हवाई बेटांवर ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास पोचली, आणि तीही बागेतूनच रानात गेली.

रानातली घाणेरी ही एखादी शुद्ध जात नाही, संकरांचा एक गुंता आहे. तिच्या गुणसूत्रांचा मूळ संच ११ चा. झुडपांत २२, ३३, ४४, ५५ आणि ६६ अशा संख्या सापडतात. त्यांत ४४ ची झुडपे सर्वसाधारण. असे अनेक संच बाळगणारी वनस्पती वेगवेगळ्या हवामानांत तग धरायला बहुधा जास्त सक्षम ठरते. म्हणूनच एका डोंगरावरच्या घाणेरीवर लागू पडलेला उपाय दुसऱ्या डोंगरावर फसतो, ही तक्रार खोटी नसते.

आज ती साधारण ३५ अंश उत्तर ते ३५ अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात, साठहून अधिक देशांत पसरली आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव आहे. भारतातल्या वाघांच्या अधिवासातील जंगलांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे त्या जंगलांच्या ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर, घाणेरीने पाय रोवले आहेत.

ती कुठे वाढत नाही हेही पाहावे. तिला काढणाऱ्याला त्याचा उपयोग जास्त. कडाक्याचे धुके-दव ती सोसते, पण हिमतुषार पडला की वरचा भाग करपतो. पाणी साचून राहणारी जमीन तिला चालत नाही, खारपड जमीनही नाही. आणि दाट सावलीत ती नीट फुलत नाही, फळत नाही. म्हणून अखंड, गच्च जंगलाच्या पोटात ती विरळ असते आणि रस्त्याच्या कडेला, वणव्यानंतर उघड्या पडलेल्या उतारावर, जास्त चराईच्या माळावर, झाड पडून झालेल्या खिडकीत ती दाटते. तिला वाट उजेडाने मिळते.

प्रश्न: फूल नसताना घाणेरी आणि रानमोडी यांत गोंधळ होतो. खात्रीची खूण कोणती?

खोड चाचपून पाहा. घाणेरीचे कोवळे खोड चौकोनी असते आणि त्यावर मागे वळलेले आखूड काटे असतात. पाने समोरासमोर, वरून खरखरीत, कडा दातेरी. चुरगळली की उग्र वास येतो. रानमोडीचे खोड गोल, बिनकाट्याचे; पानाच्या तळापासून तीन ठळक शिरा निघतात. कमी काट्यांची घाणेरीही असते, तेव्हा पानाचा खरखरीतपणा आणि चौकोनी फांदी या खुणा धराव्यात.

घाणेरी व्हर्बेनेसी कुळातली. जुन्या पुस्तकांत साग आणि निर्गुडीही याच कुळात दिलेले दिसतील. आता ती दोन्ही तुळशीच्या कुळात गेली आहेत.

प्रश्न: दर वर्षी दिवाळीनंतर माळावरची घाणेरी कोयत्याने तोडतो. एकदा पेटवूनही पाहिली. पुढच्या पावसात ती आधीपेक्षा दाट येते. चूक कुठे होते?

तोडण्याच्या उंचीत. झुडपाचे खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या सांध्यापाशी सुप्त डोळे गर्दीने असतात. वरचे खोड कापले किंवा जळले की हे सगळे डोळे एकदम जागे होतात. आधी तीन-चार फांद्या होत्या तिथे दहा-पंधरा फुटवे येतात. आगीत वरचा भाग जातो, पण मातीने झाकलेला सांधा वाचतो. शिवाय आगीने आजूबाजूचे गवत आणि रोपे जातात, जमीन उघडी पडते, उजेड येतो, आणि तुमचीच घाणेरी तिथे सर्वांत आधी हिरवी होते. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वाळक्या फांद्या पुन्हा जळणाला तयार. आग आणि घाणेरी एकमेकींना वाढवतात असे वनशास्त्रज्ञ मांडतात ते यामुळे.

जेसीबीने उपटणे हा दुसरा नेहमीचा उपाय. त्यात सांधा निघतो हे खरे, पण माती खालीवर होते, खाली पडून असलेले बी वर येते आणि उतारावरची माती पहिल्याच पावसात वाहून जाते. सपाट, लगेच पेरायच्या शेतात यंत्र चालेल. डोंगरउतारावर आणि जंगलात ते टाळावे.

दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत यापेक्षा साधी आहे, आणि भारतातल्या संरक्षित जंगलांत ती वापरली गेली आहे. तिचा सारा भर एकाच गोष्टीवर: काप सांध्याच्या खाली पडला पाहिजे.

आधी कोयत्याने बुंध्याभोवतीच्या फांद्या एवढ्याच छाटा की माणूस बुंध्यापर्यंत पोचेल. सगळे झुडूप आधी छाटून टाकण्याची घाई नको, कारण नंतर बुंधा उलटवायला हाताला धरायला तेवढे लाकूड लागते. मग बुंध्याभोवतीची वितभर रुंदीतली माती हाताने किंवा खुरप्याने बाजूला करा. खोड संपून मूळ सुरू होते तो जाडसर, गाठाळ भाग दिसेल. त्याच्या खाली, जमिनीच्या पातळीपासून साधारण ३ ते ५ सेंटिमीटर खोल, मुख्य मूळ अरुंद पात्याच्या कुदळीने तिरप्या घावाने तोडा. दोन माणसे असली तर एकाने फांद्या धरून झुडूप विरुद्ध बाजूला ओढून धरावे, म्हणजे मूळ ताणले जाते आणि एक-दोन घावांत तुटते. जमिनीत उरलेल्या खालच्या मुळाची काळजी करू नका; सांध्याचा भाग त्यावर शिल्लक नसेल तर ते बहुधा कुजून जाते. पूर्ण मूळ खणून काढण्यात जी मेहनत जाते ती वाया, आणि मातीही विनाकारण मोकळी होते.

निघालेला गठ्ठा उलटा ठेवा: फांद्या खाली, मुळे आकाशाकडे. हे विसरले की काम फसते. सांधा ओल्या मातीला टेकला की पुन्हा मुळे फुटतात. घाणेरीची जमिनीला लागलेली फांदीसुद्धा ओलीत मुळे धरते, म्हणून ओढून नेताना तुटलेल्या हिरव्या फांद्याही गोळा करून त्याच ढिगावर टाकाव्यात. ढीग ओढ्यात किंवा ओघळीत नको.

वेळेचे गणित दोन गोष्टींवर बसवा. फळ पिकायच्या आत काढले तर नवे बी पडत नाही. आणि माती थोडी ओलसर पण पाऊस उघडलेला असेल तर खणणे सोपे जाते आणि उलटा ढीगही वाळतो. संततधार पावसात काढलेला ढीग हिरवाच राहतो. कोरड्या, कठीण जमिनीत कुदळ वर घसरते आणि काप सांध्याच्या वर पडतो. दिवाळीनंतरच्या तुमच्या तोडणीत हाही भाग असणार.

इथवर निम्मे काम झाले. मोकळ्या झालेल्या जमिनीत आधीचे बी आहेच आणि ते काही वर्षे जिवंत राहू शकते. पुढच्या पावसानंतर रोपे येतील. ती टाचेएवढी असताना ओल्या मातीतून हाताने सहज निघतात, गुडघ्याएवढी झाली की नाही. सगळे रान विंचरत बसू नका. पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली, कुंपणाच्या तारेखाली आणि पाण्याच्या ओघळीत आधी पाहा. रोपे तिथेच गर्दीने असतात. हा फेरा किमान दोन-तीन पावसाळे हवा.

आणि जमीन उघडी ठेवू नका. घाणेरी काढल्यावर त्याच हंगामात स्थानिक गवताचे बी, रानटी शेंगवर्गीय वेली आणि उतारावर जगणारी देशी झाडे लावली तर उजेड अडतो. हे न करता सोडलेल्या जागेत घाणेरी नाही आली तर रानमोडी येते, फरक एवढाच. लहान तुकडा घ्या, तो पूर्ण सावलीत जाईपर्यंत सांभाळा, मग पुढचा. शंभर एकर एकदम साफ करून सोडून देण्यापेक्षा दोन एकर टिकवणे बरे, असे आमचे मत आहे.

तणनाशकाबद्दल एकाच पत्रात दोन वेळा विचारले आहे. खोड कापून उरलेल्या खुंटावर तणनाशक लावायचे असेल तर ते कापल्याबरोबर, ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शनानुसार १५ सेकंदांच्या आत लावावे लागते, कारण कापलेली जागा लगेच मिटू लागते. तासाभराने फिरून डबा घेऊन आलेल्या माणसाचे औषध फुकट जाते. उन्हाने कोमेजलेल्या पानांवरची फवारणीही तशीच वाया. पाणवठ्याजवळ आणि गुरे चरतात तिथे आम्ही हा मार्ग सुचवणार नाही. इतर ठिकाणीही त्या रसायनाच्या वापरावर सध्या कोणते निर्बंध आहेत हे कृषी अधिकाऱ्यांना आधी विचारावे.

प्रश्न: बाजारातून आणलेला बैल दोन दिवसांत चारा सोडून बसला. डोळे पिवळे, शेण घट्ट, आणि आता नाकपुडी व कानाची कातडी सोलते आहे. रानात घाणेरी भरपूर आहे, पण आमची जुनी गुरे तिला तोंड लावत नाहीत. तिचाच हा त्रास असेल का?

लक्षणे तंतोतंत जुळतात. पशुवैद्यांना आजच बोलवा. उत्तर छापून येईपर्यंतचा काळही अशा जनावराला फार असतो, म्हणून तुम्हाला वेगळे कळवले आहे. इतरांसाठी कारण सविस्तर देतो.

त्या रानात वाढलेली गुरे घाणेरी ओळखतात आणि टाळतात. नवे आणलेले, प्रवासात उपाशी राहिलेले किंवा टंचाईत दुसरे हिरवे न मिळालेले जनावर ती खाते. पानांत लँटाडीन ए आणि बी ही विषद्रव्ये असतात. वाणावाणांत त्यांचे प्रमाण फार वेगळे असते, त्यामुळे 'शेजारच्याच्या गुरांनी खाल्ली, काही झाले नाही' याला अर्थ नाही. विषारी वाणाची ताजी पाने शरीराच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे ४०० किलोच्या बैलाला ४ किलो, एवढीही पुरतात. पाला वाळला म्हणून निर्धोक होत नाही. वाळल्या वैरणीत घाणेरी मिसळलेली असेल तर तीही काढून टाका.

हे विष यकृतातून पित्त वाहणे बंद पाडते. त्यातून कावीळ होते. कातडीचे मात्र वेगळे आहे. गुरांच्या पोटात हिरव्या पाल्यातल्या हरितद्रव्यापासून फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ बनतो आणि एरवी तो पित्तातून बाहेर जातो. पित्त अडले की तो रक्तात साठतो, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत पोचतो, आणि त्यावर ऊन पडले की कातडी भाजते. म्हणून पांढऱ्या, केस कमी असलेल्या भागांवर, नाकपुडी, कान, डोळ्यांभोवती आणि सडांवर, आधी परिणाम दिसतो. मलम लावून हा त्रास थांबत नाही, कारण मूळ यकृतात आहे.

त्याहून गंभीर म्हणजे कोठीपोट मंदावते. खाल्लेला पाला आतच पडून राहतो आणि त्यातून विष दिवसेंदिवस शोषले जात राहते. जनावराने आठवडाभर घाणेरीला तोंड लावलेले नसले तरी प्रकृती ढासळत जाते ती यामुळे. उपचाराची दिशाही इथूनच ठरते: आतले विष बांधून ठेवणे. पशुवैद्य त्यासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल वापरतात, वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम. मोठ्या जनावराला सुमारे अडीच किलो चारकोल २० लिटर क्षारयुक्त पाण्यात कालवून पोटात नळी घालून देतात. बेंटोनाइट मातीही त्याच प्रमाणात चालते, गुण येण्यास मात्र अधिक दिवस लागतात. चुलीतला कोळसा कुटून दिल्याने हे काम होत नाही. त्याची विष धरून ठेवण्याची क्षमता फार कमी. आणि बाटलीने घशात ओतू नका, सुस्त जनावराच्या फुफ्फुसात ते जाते.

वैद्य येईपर्यंत तुम्ही करायचे ते एवढे: जनावर उन्हातून हलवून अंधाऱ्या, हवेशीर गोठ्यात बांधा. हिरवा चारा बंद, वाळला चारा आणि भरपूर स्वच्छ पाणी समोर ठेवा. कातडीच्या जखमांवर माशी बसू देऊ नका. गोठ्यात उजेड येत असेल तर खिडकीला गोणपाट लावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार झाले तर जनावर वाचण्याची शक्यता बरी असते. उशीर झाला की मृत्यू काही दिवसांत किंवा काही आठवड्यांतही येऊ शकतो.

नवे जनावर आणले की रानात सोडण्याआधी गोठ्यातच पोटभर वैरण द्यावी, आणि पहिले काही दिवस जुन्या गुरांबरोबर लक्ष ठेवून चारावे. मेंढ्या आणि शेळ्यांनाही हे विष बाधते. शेळ्या घाणेरी पचवतात या समजावर विसंबू नका.

प्रश्न: पिकलेली काळी फळे मुले खातात. धोका आहे का?

पिकलेली फळे खाणारे लोक आहेत, पण हिरवी फळे आणि पाने विषारी मानावीत. मुलाला हिरवे-काळे ओळखून खाऊ देण्याची जोखीम घेऊ नये. हिरवी फळे खाल्ली गेली आणि उलट्या, सुस्ती किंवा डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या दिसल्या तर झुडपाची फांदी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. फांदी नेण्याचे कारण ओळख. नुसते 'रानातले काळे फळ' सांगून उपचार ठरवता येत नाहीत.

प्रश्न: एका झुडपापासून चार वर्षांत सगळी टेकडी भरली. बी एवढे उगवते का?

गंमत अशी की बी फारसे चांगले उगवत नाही. फळात एक कठीण आठळी, तिच्यात दोन कप्पे आणि त्यांतल्या एकातच पुष्कळदा सकस बी. गर तसाच राहिला तर उगवण आणखी घटते. पण बुलबुल आणि साळुंक्या गर काढून घेतात आणि साफ आठळी दूर नेऊन टाकतात. हवाईत घाणेरी पसरवण्यात बाहेरून आणलेल्या साळुंकीचा मोठा वाटा होता. एका मोठ्या झुडपाला वर्षभरात हजारो फळे येतात, ओल आणि ऊब असेल तिथे ती बहुतेक महिने फुलत राहते. दहांत एक उगवले तरी टेकडी भरते.

प्रश्न: रोपवाटिकेत 'बी न धरणारी' लँटाना मिळते. ती लावावी का?

बहुधा ती त्रिगुणित, म्हणजे ३३ गुणसूत्रांची असते आणि तिला बी खरोखर कमी धरते. पण 'कमी' आणि 'शून्य' यांत फरक आहे, आणि तिचा पराग दुसऱ्या झुडपावर पोचतो तो पोचतोच. फ्लोरिडातली मूळची लँटाना डिप्रेसा बागेतल्या घाणेरीशी संकर होऊन धोक्यात आली आहे. दुकानातली पाटी पाहून फसू नये: लावल्यावर वर्षभर गुच्छ तपासा, हिरवे मणी धरलेले दिसले तर ते झुडूप काढा. जांभळ्या फुलांची, जमिनीवर लोळणारी लँटाना माँटेव्हिडेन्सिस ही वेगळी जात. ऑस्ट्रेलियात तीही तण झालेली आहे. जंगलालगत राहणाऱ्यांनी यातले काहीच लावू नये असे आम्ही म्हणू.

प्रश्न: घाणेरी खाणारा एखादा किडा सोडता येणार नाही का?

सोडून झाले आहेत, तेही १९०२ पासून. त्या वर्षी कीटकतज्ज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी मेक्सिकोतून घाणेरीवरचे कीटक हवाईला पाठवले. मुद्दाम कीटक आणून तणाचा बंदोबस्त करण्याच्या जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. भारतात १९२१ मध्ये बी पोखरणारी माशी आणली गेली. १९४१ मध्ये टेलिओनेमिया नावाचा जाळीदार पंखांचा ढेकूण आणला, पण तपासणीत तो सागाच्या फुलांवरही जगतो असे दिसल्याने ती पैदास नष्ट करण्यात आली. तरी तो निसटला, आणि आज आपल्या घाणेरीवर सर्रास सापडतो. पानावर फिकट ठिपके आणि मागच्या बाजूला काळे थेंब दिसले तर तोच. युगांडात १९६० च्या दशकात हाच ढेकूण तिळाच्या पिकावर गेला होता.

त्याने घाणेरी पिवळी पडते, मरत नाही. उन्हाळ्यात ती स्वतःच पाने गाळते, कीटक उपाशी मरतात. पावसात ती आधी उठते आणि कीटकांची संख्या मागून वाढते. शिवाय कीटक अमेरिकेतल्या मूळ जातींवर पोसलेले आणि इथली झुडपे युरोपातल्या काचघरांत तयार झालेले संकर, त्यामुळे एका वाणावर जगणारा किडा दुसऱ्यावर जगेलच असे नाही. घरगुती पातळीवर कुठलाही किडा आणून सोडणे बेकायदा आणि धोक्याचे आहे.

प्रश्न: घाणेरी काढली तर फुलपाखरांचे काय? आणि निघालेल्या लाकडाचे काय करावे?

फुलपाखरांना मधुरस मिळतो हे खरे, पण तो एका वयाचा आहार. सुरवंटाला लागणारी देशी झाडे घाणेरीखाली दबून जातात. एकाच वेळी सगळी काढू नका. तुकड्यातुकड्याने काढताना मोकळ्या जागी देशी फुलझाडे आधी फुलू द्या, मग पुढचा तुकडा घ्या.

लाकडाबाबत, कर्नाटकातल्या मलेमहादेश्वर डोंगरातले सोलिगा आदिवासी कारागीर घाणेरीच्या काठ्यांपासून टोपल्या, खुर्च्या आणि खऱ्या मापाचे हत्ती बनवतात. काठ्या उकळून साल सोलतात; सालीसकट वापरलेली काठी टिकत नाही. ताज्या काठ्या पाणी सुटल्यावर आकसतात, म्हणून खिळा ठोकताना हे लक्षात घ्यावे. मात्र फक्त काठ्यांसाठी वरून तोडलेल्या झुडपाला पुन्हा फुटवे येतात, तेव्हा हस्तकलेमुळे घाणेरी संपेल असे समजू नये. काठी काढल्यावर बुंधाही काढावाच लागतो. खतात टाकायची तर पाला आणि कोवळ्या फांद्या चार-पाच दिवस उन्हात कडक वाळवून टाका. पिकलेली फळे असलेल्या फांद्या खड्ड्यात नकोत. त्यातली आठळी शेणखताबरोबर थेट तुमच्या वाफ्यात जाते.